फटफटी, फिरकीचा तांब्या आणि सोनारीची वाट

कळंबहून निघालेली मोटार सोनारीला उन्हं कलताना पोचते आणि परतीची दुसऱ्या दिवशी सकाळी निघते. ज्याला काळभैरवाचं दर्शन घ्यायचं आहे त्याच्यासाठी ही उत्तम सोय आहे. ज्याची मुलगी सोनारीत दिली आहे त्याच्यासाठी नाही.

आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नसतं. हे कुठल्या स्मृतीत लिहिलंय म्हणून मी एकदा तुळजापूरच्या पाठशाळेतल्या जुन्या पोथ्या चाळल्या होत्या. सापडलं नाही. पण माझ्या सुमीच्या आईच्या, म्हणजे आमच्या बाईंच्या, तोंडी ते होतं, आणि आमच्या घरात त्यांचा शब्द श्रुतीच्याही वरचा. सुमीच्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघं सोनारीला गेलो, तेव्हा बाईंनी घरून भाकरी बांधून घेतली होती आणि पाणीसुद्धा. पितळेच्या फिरकीच्या तांब्यात, झाकण घट्ट आवळून. देवळाच्या ओवरीत बसून जेवलो, लेकीच्या ओट्यावर तासभर टेकलो, रात्री पुन्हा ओवरीत.

त्यानंतर चार महिन्यांत बाई गेल्या.

त्यांचे नियम पुष्कळ होते. चहा दोनदाच. जेवताना वर्तमानपत्र नाही. ओला पंचा दारावर नाही. गेल्या पावणेदोन वर्षांत मी एकेक करून सगळे मोडले. मोडताना कुणी अडवत नाही, हीच त्यातली अडचण. सोनारीच्या पाण्याचा तेवढा उरला, कारण सोनारीला गेलोच नाही. एकट्यानं ओवरीत भाकरी सोडून बसायचं, हे काही जमेना. सुमीची कार्डं यायची, ‘अण्णा, कधी येताय?’ गेल्या कार्तिकात आलेल्या कार्डात सगळ्यांची खुशाली होती, शेजारच्या म्हशीचीसुद्धा होती. तो प्रश्न मात्र नव्हता.

ते कार्ड मी तीनदा वाचलं आणि ठरवलं की सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल असं काहीतरी वाहन पाहिजे. या साप्ताहिकाचा वार्ताहर घोडा ठेवू शकत नाही. म्हणून फटफटी.

कळंबच्या आडत बाजारात एका व्यापाऱ्याच्या गोदामात ज्वारीच्या पोत्यांमागं ती उभी होती. लहानशी, शिकणाऱ्यांना देतात तसली, टाकीवरचं कंपनीचं नाव घासून गेलेलं. व्यापाऱ्याच्या मुलानं तिच्यावर शिकून मोठी घेतली आणि हिला उंदरांच्या स्वाधीन केलं. अडीचशे रुपये सांगितले, पावणेदोनशेला दिली. यावरूनच मी काय समजायचं ते समजायला हवं होतं.

ढकलत हमीदमिस्त्रीकडं नेली. हा मूळचा पिठाच्या गिरण्या आणि विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारा. त्यानं गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, “पंडितजी, ही गाडी न्हाय. गाडीची याद हाय.”

“दुरुस्त होईल का?”

“ही व्हईल. पर तुमी व्हाल का, ते बघाया पायजे.”

ज्यांना कमी पैशात अशी जुनी गाडी उभी करायची असेल त्यांच्यासाठी सांगतो: नवे भाग सोलापूरहून मागवू नका, आधी गावात बघा. हिच्या क्लचच्या चकतीला बुचाचे तुकडे लावलेले असतात, ते झिजले होते. हमीदनं सरकारी दवाखान्यातून औषधाच्या बाटल्यांची मोठी बुचं आणली, कापून बसवली, घासून सारखी केली. पुढच्या चाकावरचा पत्रा रॉकेलच्या डब्याचा केला. सीट उंदरांनी खाल्ली होती, तिथं सायकलच्या स्प्रिंगा आणि तागाचं पोतं. सायलेन्सरच्या भोकाला पत्र्याची पट्टी आणि तार. या सगळ्याला महिना गेला. कारण हमीद काम मनापासून करायचा, पण एका वेळी पाच जणांचं.

शेवटी त्यानं विचारलं, “मागं कोन बसनार?”

“कुणी नाही.”

“मग गादीचा खर्च कशाला? सामानाची जाळी लावतो.” जाळी लावली. मी सांगितलं म्हणून जाळीला लोखंडी कडंही डागलं, फिरकीचा तांब्या बरोबर बसेल एवढं. त्यानं कारण विचारलं नाही. तांब्या मापाला मागितला, कडं बसवलं, तांब्या आपल्या सदऱ्यानं पुसून परत दिला.

उस्मानाबादेहून शिकाऊ परवाना आणला. पुढं आणि मागं लाल ‘एल’ रंगवलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो. तसाही विधुराचा गृहस्थाश्रम सुटलेला आणि संन्यासाची तयारी नाही, उरतो ब्रह्मचर्याश्रम. आठवडाभर बाजाराच्या मैदानावर फेऱ्या मारल्या. हमीद ओट्यावर बसून ओरडायचा, “पंडितजी, गियर बदला! मंत्र नंतर म्हना!”

संक्रांत झाल्यावर एका मंगळवारी तांबडं फुटताना निघालो. वाट अशी: कळंब, वाशी, भूम, परांडा, सोनारी. वाशीपर्यंत रस्ता खडीचा, पण बरा. मैलाच्या दगडांवर अजून कुठं कुठं निजामीतले उर्दू आकडे आहेत. राज्य गेलं, अंतर तेवढंच राहिलं. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, मध्येमध्ये करडईचे पिवळे पट्टे. थंडी एवढी की हाताची बोटं ब्रेकला चिकटलेली. वाशीत चहा घेतला, दोन आणे. दुकानदार अजून नव्या पैशात बोलत नाही आणि आपणही त्याला शिकवू नये.

एकट्यानं गाडी चालवण्यात एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. बोलायला कुणी नसतं ते ठीक, त्याची सवय झाली आहे. पण इंजिनाच्या आवाजात आपण मोठ्यानं बोलू शकतो आणि कुणाला ऐकू जात नाही. वाशी ते भूम मी बोलत होतो. काय बोललो ते या लेखाच्या कक्षेत येत नाही.

भूमला खवा फार चांगला मिळतो, तो खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. मी खाल्ला, सुमीसाठी बांधूनही घेतला, आणि गाडीकडं आलो तर जाळीखालून ओघळ. तेलाची बाटली खड्ड्यांमध्ये फुटली होती. या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, वीस भागांना एक. पेट्रोलचा जादा डबा शाबूत होता, तेल मात्र रस्त्याला लागलं. तिथल्या दुकानात इंजिनाचं तेल नव्हतं.

आता हमीद कधीतरी बोलता बोलता म्हणाला होता की पूर्वी लोक अशा इंजिनांत एरंडेलसुद्धा घालायचे. एरंडेल वाण्याकडं औषधाच्या बाटलीतलं होतं, पोट साफ होण्यापुरतं. पण बाजूलाच तेल्याचा घाणा चालू होता, करडईचा. मी तिथं उभं राहून विचार केला, आणि माझ्या गुरुजींनी शिकवलेलं न्यायशास्त्र आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडलं. एरंडेल हे तेल आहे, म्हणून ते इंजिनाला चालतं. करडईच्या तेलातही तैलत्व आहेच. तस्मात्.

मिसळायला घट्ट झाकणाचं भांडं हवं. ते एकच होतं. तांब्यातलं घरचं पाणी मी थोडं प्यालो, उरलेलं लिंबाच्या बुंध्याशी ओतलं, आणि थोडा वेळ रिकामा तांब्या धरून उभा राहिलो. मग त्यात पेट्रोल आणि करडईचं तेल ओतलं, फिरकी आवळली आणि घुसळून टाकीत रिकामं केलं. ज्या बाईंचा तांब्या, त्या असत्या तर मला पायी पाठवलं असतं.

गाडी झकास निघाली. मागून भज्यांचा वास येत होता. परांड्याच्या किल्ल्याजवळ दोन कुत्री बराच वेळ आशेनं मागं धावली. काळभैरवाचं वाहन कुत्रा आहे, मी हा शुभशकुन मानला. पुढं चढावर गाडी दम टाकू लागली. सोनारी मैलभर राहिली असताना खोकली आणि गप्प झाली. मी तिला सावलीत लावून निवू दिलं. अर्ध्या तासानं कीक मारायला गेलो, तर पाय जागचा हलेना. दगडावर मारावा तसा.

शेजारच्या मळ्यात, विहिरीच्या कडेला एक म्हातारा चामड्याची मोट शिवत बसला होता. त्यानं आरी खाली ठेवली आणि आला. पुढं कळलं की त्याचं नाव लिंबाजी, आणि पंचक्रोशीतल्या मोटा तोच शिवतो.

“काय झालं, मास्तर?” चष्मा आणि धोतर दिसलं की आमच्याकडं माणूस मास्तर होतो.

“बंद पडली.”

“त्ये दिसतंय की. पर वास कशाचा येतुया? भजी तळली का काय हिच्यात?”

“करडईचं तेल घातलंय.”

“कशात?”

“इंजिनात.”

लिंबाजीच्या मिशा हलल्या. “आवं, करडईचं त्याल तापलं की त्येचं रोगण हुतंय. आमी मुद्दाम कढवतो आन मोटंला लावतो, पानी धरावं म्हून. वाळल्यावर नखानं बी निघत न्हाय. तुमी तर इंजिनालाच रोगण दिलं की वं!”

गुरुजींनी हेत्वाभासाचे, म्हणजे फसव्या तर्काचे, पाच प्रकार शिकवले होते. लिंबाजीनं उदाहरण दिलं.

मी चिडून पुन्हा कीकवर उभा राहिलो, तर त्यानं दंड धरला. “जोर नका लावू, मोडंल. चामडं असू द्या न्हायतर लोखंड, चिकटल्यालं वढून काडत न्हाईत. भिजवायचं आन वाट बगायची. ह्याच्यात रॉकेल सोडा, रातभर ऱ्हाऊ द्या.”

म्हणजे रात्र सोनारीत. ज्या एका गोष्टीसाठी पावणेदोनशे रुपये आणि एक महिना घातला, ती घाण्यावरच्या तेलात गेली.

गाडी ढकलत त्याच्या छपरात नेली. हमीदनं दिलेल्या पान्यानं प्लग काढला, लिंबाजीनं त्या भोकात रॉकेल सोडलं, हलक्या हातानं, लहान मुलाच्या कानात तेल घालावं तसं. उन्हं वर आली होती. माझ्या घशाला कोरड पडली होती.

“पानी घ्याल का?” म्हणाला, आणि लगेच, “आमी कातड्याचं काम करनारी मानसं. चालंल का तुमास्नी?”

“तहान लागलीय,” मी म्हटलं.

दोन तांबे प्यालो. त्याच्या बायकोनं भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा दिला, तेही खाल्लं. माझ्या आजोबांनी यासाठी प्रायश्चित्त सांगितलं असतं. राज्य बदललं, घटना आली, आणि आपल्याही हातून एवढं झालं, याचा मला जरा अभिमान वाटला. तो तासभर टिकला.

सुमीच्या घरी पोचलो तेव्हा विहीणबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. जावई शाळामास्तर, ते परांड्याला कामाला गेलेले. “या व्याही, या! सुमे, तुझे अण्णा आले गं!”

सुमी बाहेर आली ती पाणी घेऊनच. वाळली होती. खांद्यावरचा पदर तिच्या आईसारखाच दोन बोटांनी सारखा केला. भांडं पुढं केलं.

“नको गं, आत्ताच झालंय,” मी म्हटलं. ठरवून नाही. हात पुढं गेला होता, तोंडानं आपलं नेहमीचं म्हटलं.

“हो, कळलं. लिंबाजीमामांच्या घरी. दोन तांबे.”

माझं जेवण झाल्यावर आणखी रॉकेल आणायला लिंबाजी गावातल्या दुकानात गेला होता. बातमी माझ्याआधी पोचली. तिच्या इंजिनात करडईचं तेल नव्हतं.

“अहो व्याही, आता कोण पाळतंय?” विहीणबाई म्हणाल्या. “आमचं काही म्हणणं नाही. घ्या की.”

“तसं नव्हे. हिच्या आईनं...”

“आईचं नाव नका घेऊ अण्णा,” सुमी हळू म्हणाली. विहीणबाई सूप घेऊन आत गेल्या. शहाण्या बाई आहेत. सुमी उंबऱ्यावर बसली, भांडं मांडीवर. “या गावात एकच घर आहे जिथलं पाणी तुम्हाला चालत नाही. बायका विचारतात, का गं, तुझे वडील असे? मग का ते मला सांगावं लागतं. विहिरीवर, सगळ्यांसमोर.” मग म्हणाली, “तिसरं वर्ष आहे.”

मला इतकी वर्षं वाटत होतं की तो नियम माझा आहे, मी पाळतो. त्याचा दंड लेकीला रोज विहिरीवर भरावा लागतो, हे मला कळलं नव्हतं. मी खवा पुढं केला. मग तांब्या.

“एवढा घासून देतेस? त्याला जरा...”

तिनं फिरकी काढली, वास घेतला. “आईच्या तांब्यात पेट्रोल?”

“प्रसंगच तसा आला.”

“म्हणजे नियम मोडतात,” ती म्हणाली आणि तांब्या घेऊन आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

मी ओवरीत पथारी टाकली. सोनारीची माकडं प्रसिद्ध आहेत, गावकरी त्यांना घरच्यासारखं वागवतात. जाणाऱ्यांनी चष्मा आणि शिदोरी सांभाळावी. माझ्याकडं शिदोरी नव्हती, म्हणून एक थोराड वानर समोर बसून बराच वेळ माझ्याकडं नुसतंच बघत राहिलं आणि कंटाळून उठून गेलं. मागच्या खेपेला याच खांबाशी आम्ही दोघं बसलो होतो. तेव्हा बाईंनी मला अर्धी भाकरी जास्त वाढली होती आणि मी नको म्हणालो होतो.

सकाळी लिंबाजीच्या छपरात गेलो. त्यानं हातानंच कीक दाबून बघितली. गेली. आतून काळपट, चिकट रॉकेल वाहिलं. गिरणीवाल्याकडून इंजिनाचं खरं तेल आणून ठेवलं होतं त्यानं. प्लग पुसून बसवला. चौथ्या कीकेला धूर, सातव्याला आवाज. लिंबाजी टाळी वाजवून हसला. “मास्तर, आता भजी घरीच तळा!” मजुरी घेईना. “मोट शिवली असती तर घेतली असती,” म्हणाला.

निघणार तोच बांधावरून सुमी येताना दिसली. हातात तांब्या. चिंच आणि राख लावून असा घासलेला, की नवा घेतल्यासारखा. तिनं तो माझ्या हातात दिला. जड होता.

“भांडं रिकामं परत देत नाहीत,” ती म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“तुम्हाला माहीत आहे कुणी सांगितलं.”

मी तांब्या कड्यात बसवला. तिनं कड्यावरून बोट फिरवलं, जाळीवरून फिरवलं. “मागं बसायला जागा नाही ठेवली.”

“शिकाऊला मागं कुणाला बसवता येत नाही.”

तिनं लाल ‘एल’कडं बघितलं. “मग शिकून घ्या ना, अण्णा.”

इंजिन चालू होतं म्हणून बरं. मला मान हलवून भागवता आलं.

परतीची वाट तीच. परांडा, मग भूम. भूमनंतरच्या चढावर गाडी तापली, तिला थांबवावं लागलं. उर्दू आकड्याच्या एका दगडाशी, बाभळीखाली. मैलभर माणूस नव्हतं. ज्वारीत गोफण फिरवणाराही नव्हता, पाखरं निवांत खात होती. मी तांब्या काढला. घरच्या विहिरीपर्यंत तहान रोखता आली असती. कळंब फार लांब नव्हतं. बराच वेळ तो तसाच धरून बसलो. एका बाजूला बाईंचा लेकीकडच्या पाण्याचा नियम, दुसऱ्या बाजूला त्यांचाच भरल्या भांड्याचा. असा विरोध आला की मीमांसक सांगतात, दोन्हींपैकी कुठलंही करावं, चालतं.

फिरकी काढली.

दिवेलागणीला कळंबला पोचलो. जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना: तेलाची एक बाटली जादा ठेवा, कापडात गुंडाळून, आणि कुठल्याही परिस्थितीत तर्कशास्त्र वापरू नका. घरी आलो, दिवा लावला, हातपाय धुतले, ओला पंचा दारावर न टाकता बाहेर दोरीवर टाकला. तांब्यात निम्मं पाणी होतं. ते ओतावं की ठेवावं कळेना, तसाच फळीवर ठेवला आहे. हमीदकडं जाऊन आलो. मागच्या गादीला आठ दिवस म्हणतो, म्हणजे महिना. तोवर उस्मानाबादला परीक्षेचा अर्ज टाकतो.

हे साप्ताहिक सोनारीला शनिवारच्या टपालात पोचतं, शाळेत येतं, तिथून जावई घरी नेतात. सुमे, पाणी प्यालो. पेट्रोलचा वास येत होता थोडा. तरी प्यालो.